पेन लुकलुकला आणि सतरा हजार आठशे गेले

सांगायला लाज वाटते, पण मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तारेच्या दोन गुंडाळ्या, एकीतला प्रवाह झटकन तोडला की दुसरीत हजारो व्होल्ट उभे राहतात, हा फॅरेडेचा नियम मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. गाडीच्या इग्निशन कॉइलमध्ये याहून वेगळं काही नसतं. बॅटरीचे १२ व्होल्ट आत जातात आणि प्लगच्या टोकाला वीस-तीस हजार व्होल्टची ठिणगी पडते. एवढं ठाऊक असलेल्या माणसाला एका गॅरेजवाल्याने वीतभर पेनने कापलं.

गेल्या जुलैची गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला परतत होतो, पाऊस मी म्हणत होता. खंबाटकीचा घाट चढताना गाडीने पिकअप सोडला. तिसऱ्या गिअरला झटके, दुसऱ्याला झटके, आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता पेटून राहिला तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, म्हणजे प्लगच्या दुखण्यात कन्व्हर्टरही जाऊ शकतो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी तशीच रेटत साताऱ्यापर्यंत आणली आणि शहराबाहेर दिसलेल्या पहिल्या मोठ्या गॅरेजात घातली. गाडी २०१७ ची, चार सिलिंडरची पेट्रोल, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल.

गॅरेज बघून बरं वाटलं, तिथेच मी निम्मा फसलो. फरशी स्वच्छ, पोरांच्या अंगावर एकसारखे टी-शर्ट, काउंटरवर गणपती, आणि मालकाच्या हातात पाटीएवढा स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात त्याने वायर खुपसली. पडद्यावर एक लाल ओळ, म्हणजे एक एरर, आली. एकच. मला ती पक्की आठवते, कारण मी मनात म्हटलं, चला, एकच आहे.

मग त्याने इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि हेल्परला हाक मारली, "कपलर बघ रे." तो पोऱ्या बॉनेटमध्ये वाकून कॉइलचं एकेक कपलर, म्हणजे वायरीचा जोड, काढायचा, थोडं थांबायचा, परत बसवायचा. दरवेळी इंजिन थरथरायचं. मला वाटलं, काय बारकाईने तपासतायत! मालक मला चहा पाजत होता. पाचेक मिनिटांनी स्कॅनर पुन्हा लावला, तर पाच लाल ओळी. पी०३०२, आणि त्याखाली पी०३५१ पासून पी०३५४ पर्यंत चार.

"सर, चारही कॉइल गेल्यात. त्यांनी ईसीएमला पण शॉक दिलाय." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मी पडद्याचा फोटो काढून मेव्हण्याला पाठवला. तो पाहून मेव्हणा म्हणाला, मशीनच सांगतंय म्हटल्यावर काय बोलणार.

तरी माझ्यातला मास्तर थोडा जागा असावा. मी विचारलं, चारही एकदम कशा जातील? तेव्हा त्याने खिशातून तो पेन काढला. पिवळा, टोकाला काळं प्लास्टिक, मागे छोटा लाल दिवा. चालू इंजिनवर पहिल्या कॉइलच्या डोक्याला टोक टेकवलं. दिवा टकटक लुकलुकायला लागला. दुसरी, तिसरी, चौथी, सगळीकडे तसंच. "बघा, करंट बाहेर येतोय. कॉइलला हात न लावता दिवा लागतोय म्हणजे लीक आहे का नाही, तुम्हीच सांगा." मी मान डोलावली. फॅरेडेचा नियम शिकवणाऱ्याने मान डोलावली!

तो पेन म्हणजे स्पार्क टेस्टर. कॉइल प्रत्येक ठिणगीला आपल्याभोवती क्षणभर जे क्षेत्र उभं करते, ते पेनला न शिवता जाणवतं आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा लुकलुकणं ही कॉइल जिवंत असल्याची खूण. चारही ठिकाणी सारखा लुकलुकला, याचा अर्थ चारही कॉइल व्यवस्थित मारत होत्या. डॉक्टरने नाडी दाखवून सांगावं, बघा किती उडतेय, आता काही खरं नाही, त्यातलाच प्रकार.

आकडा निघाला अठ्ठावीस हजार पाचशे. मी गप्प बसलो. मग त्यानेच सोय काढली: "पक्कं बिल नको असेल तर जमवून टाकू. शिक्षक माणूस तुम्ही." एका जुन्या डायरीच्या पानावर हिशेब लिहिला. कॉइल चार, २,९०० प्रमाणे ११,६००. ईसीएम प्रोग्रामिंग ४,५००. लेबर १,७००. एकूण १७,८००. चार हजार यूपीआयने आगाऊ, बाकी १३,८०० रोख. कर वाचवल्याचा आनंद मला झाला होता, हे लपवत नाही. पुढे सगळ्यात महाग तोच पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो. इंजिन सुईसारखं चालत होतं. बॉनेट उघडून बघितलं तर चारही कॉइल चकचकीत. खोक्यात चार कळकट कॉइल दाखवून मालक म्हणाला, "जुन्या नेताय का, टाकू भंगारात?" मी म्हटलं, टाका. त्या माझ्याच गाडीच्या होत्या का, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही. आज खात्री आहे की नव्हत्या.

तीन आठवडे सुरळीत गेले. गाडी घरी शेडखाली, कॉलेजात पोर्चखाली. मग एका शनिवारी बहिणीकडे वाईला गेलो, गाडी रात्रभर उघड्यावर राहिली आणि रात्रभर कोसळला. सकाळी स्टार्टर मारला, तर खंबाटकीतलेच झटके. पिवळा दिवा लुकलुक.

बहिणीच्या शेजारी एक मिस्त्री राहतात. सत्तरीला टेकलेत, गॅरेज म्हणजे घराच्या बाजूला पत्र्याची शेड. त्यांनी स्कॅनर मागितला नाही. बॉनेट उघडलं, टॉर्च हातात धरून कॉइलच्या बोल्टांवर उजेड मारला आणि विचारलं, "मास्तर, कॉइल कवा बदलल्या म्हणाला?"

"तीन आठवडे झाले."

"ह्या तीन बोल्टांना पानाच लागल्याला न्हाय."

मी वाकून पाहिलं. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या बोल्टाच्या कडेला धूळ आणि तेलाचा थर जमून दगड झाला होता, कुठे चरासुद्धा नाही. फक्त दुसऱ्या बोल्टाची धार चकाकत होती. कॉइलच्या डोक्यांना स्प्रे मारून फडकं फिरवलं होतं, म्हणून वरून नव्या दिसत होत्या. मिस्त्रींनी दुसरी उपसून काढली. खालचा रबरी बूट जुनाच, आणि त्याच्या तोंडातून पाण्याचा थेंब माझ्या चपलेवर पडला.

प्लगच्या विहिरीत पाणी साचलं होतं. त्यांनी ते कापडाने टिपलं, हवा मारली आणि मगच प्लग खोलला. पाणी असताना प्लग खोलला तर ते थेट सिलिंडरमध्ये उतरतं. प्लग पुसून त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरला. पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खाली एक काळी रेघ, टोकदार पेन्सिलने मारल्यासारखी. नखाने खरवडली तरी जाईना. ठिणगी टोकाला पडायच्या ऐवजी या रेघेवरून बाहेरच्या बाहेर उतरत होती. ओल असली की हमखास.

पाणी आलं कुठून? मे महिन्यात पुढची काच बदलली होती. तेव्हा वायपरखालची काळी प्लास्टिकची पट्टी काढून बसवताना एक क्लिप तुटलेली होती, आणि त्या फटीतून धार बरोबर दुसऱ्या सिलिंडरच्या डोक्यावर येत होती. गॅरेजवाल्याने काय केलं असेल, ते मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं: "दुसरी उपसली, वाळवली, परत दाबली. सतरा हजार झालं." चार नवे प्लग, एक बूट, एक क्लिप आणि मजुरी धरून त्यांनी ११३० रुपये घेतले आणि जुना प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिला.

राहिल्या त्या पाच लाल ओळी. त्यांचा उलगडा मिस्त्रींच्या पुतण्याने केला. तो आयटीआयला आहे, मोबाइलला जोडायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर बाळगतो. आधी गाडीतले सगळे एरर पुसले. मग इंजिन बंद असताना तिसऱ्या कॉइलचं कपलर काढून ठेवलं आणि गाडी चालू केली. थरथर झाली, थोड्या वेळात पिवळा दिवा लागला आणि मोबाइलवर पी०३५३ हजर. गाडी बंद करून कपलर परत लावलं, तरी नोंद तशीच. "सर, आता हा फोटो काढून मी तुम्हाला तिसरी कॉइल विकू शकतो," तो म्हणाला. त्या दिवशीचा पोऱ्या, त्याची ती बारकाई आणि मालकाचा चहा, सगळं एकदम जुळलं.

त्याने सांगितलेलं इथे लिहून ठेवतो. पी०३०२ चा शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर, दोन नंबर मिसिंग मारतोय एवढाच त्याचा अर्थ. कशामुळे, हे स्कॅनर सांगत नाही. कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, कधी कॉम्प्रेशनही असेल. पी०३५१ ते पी०३५४ हे त्या त्या कॉइलच्या सर्किटचे, आणि नुसतं कपलर सुटलं तरी ते येतात. कॉइल खरंच गेलीय का, हे बघायला फुकटचा उपाय आहे: इंजिन बंद करून दुसरी कॉइल तिसऱ्यावर आणि तिसरी दुसऱ्यावर लावायची, एरर पुसायचे, गाडी फिरवून आणायची. आता पी०३०३ आला तर कॉइल दोषी, कारण दुखणं तिच्याबरोबर गेलं. पी०३०२ च राहिला तर कॉइलचे पैसे देऊ नका, प्लग काढून बघा. अर्धा तासही लागत नाही. जो मेकॅनिक हे करायला नाही म्हणतो, त्याच्याकडून मी किल्ली परत घेईन.

दुसरी गोष्ट फ्रीझ फ्रेम. एरर नोंदला जातो त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान गाडी जपून ठेवते आणि बहुतेक स्कॅनरवर ते उघडता येतं. माझा दोष घाटात आला होता, म्हणजे वेग तीस-चाळीस दिसायला हवा. जो एरर वेग शून्य दाखवतो, तो घाटात आलेला नाही. म्हणून पहिल्यांदा स्कॅनर लावला की, कुणी बॉनेटला हात लावायच्या आधी, फोटो काढायचा. मी काढला तो दुसऱ्या वेळचा. (जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर एरर पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली तेही बघावं. दोन-चार किलोमीटर दिसले, तर तुमच्या येण्याआधी कुणीतरी दिवा विझवून ठेवलाय.)

पेनबद्दलही एक कबुली. नंतर मी तसाच एक मागवला आणि तो रेघवाला प्लग मुद्दाम परत लावून मिस्त्रींच्या शेडमध्ये बघितलं. दिवा छान लुकलुकला. कॉइल मारत होतीच, ठिणगी चुकीच्या वाटेने जात होती, आणि त्या वाटेचं पेनला काही कळत नाही. तेव्हा प्रामाणिक माणसाच्या हातातही पेन अर्धंच सांगतो: दिवा अजिबात लागला नाही तर कॉइल किंवा तिचं वायरिंग बघा. लागला तर प्लग निर्दोष, असं समजू नका. आणि चालू इंजिनवर कॉइल हाताने उपसून ठिणगी बघायचा जुना खेळ करू नका. वीस हजार व्होल्ट अंगातूनही वाट काढतात.

फोटो आणि प्लग घेऊन मी गॅरेजात गेलो. मालकाने ओळखलं, बसवलं, चहाही मागवला. "सर, इलेक्ट्रॉनिक पार्टला वॉरंटी नसते." मी बोल्टांचं सांगितलं. तो म्हणाला, "बिल दाखवा, लगेच बघू." डायरीच्या पानावर गॅरेजचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, तारीखसुद्धा नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, हे सगळं खरं. पण रोख दिलेल्या १३,८०० चा माझ्याकडे एक चिटोराही नव्हता.

शेवटी एका वकील मित्राकडून नोटीस पाठवली. सोबत पाच ओळींचा फोटो, बोल्टांचे फोटो आणि यूपीआयची पावती. आठ दिवसांनी मोबाइल वाजला. चार हजार जमा, एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. जेवढ्याची नोंद होती तेवढेच. खाली त्याने टीप लिहिली होती, "कॉइल रिटर्न". माझ्या चारही कॉइल २०१७ पासून गाडीतच आहेत.