ज्याला आपला समजलो, तो एजंट मालकांचा होता

विकत घेतलेल्या घराच्या किल्ल्या घ्यायला गेलो त्या दिवशी जुन्या मालकीणबाई सहज बोलून गेल्या, "तुम्ही इथवर याल असं एजंटनं आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नाहीतर याहून कमीत द्यायचं आमचं ठरलंच होतं." मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. आम्हाला हे माहीत असेल असंच बाईंना वाटत होतं.

हा एजंट दोन महिने आमच्याबरोबर फिरला होता. रात्रीसुद्धा फोन उचलायचा. "ताई, मी तुमच्यासाठीच भांडतोय," हे त्याचं नेहमीचं वाक्य. मग त्याच्यापासून लपवायचं काय? जास्तीत जास्त किती देऊ शकतो, कर्ज कितीचं मंजूर झालंय, भाड्याचं घर कधी रिकामं करायचंय, सगळं सांगितलं. हेच घर मनात भरलंय, हेही सांगितलं. भाव करताना ज्या गोष्टी मुठीत झाकून ठेवायच्या, त्या सगळ्या मी आपणहून त्याच्या हातात दिल्या. आमची पहिली ऑफर मालकांनी नाकारली, दुसरीही नाकारली आणि ते अडून बसले ते बरोबर आमच्या शेवटच्या आकड्यावर. "आता ते खाली येत नाहीत, तुमचीही मुदत संपत आलीय," असं त्यानेच समजावलं. आम्ही इसार देऊन मोकळे झालो.

घर विकून द्यायचा लेखी करार मालकांनी त्याच्याशी आधीच केला होता. म्हणजे तो त्यांचा प्रतिनिधी. ज्याचं काम घेतलं त्याचं हित बघायचं, त्याची गुपितं राखायची आणि सौद्यात त्याच्या उपयोगाचं जे कळेल ते त्याच्या कानावर घालायचं, हे प्रतिनिधीचं कर्तव्यच असतं. त्यामुळे आमचा आकडा त्यांना सांगितला याबद्दल मी त्याला दोष देत नाही. मला राग आहे तो "तुमच्यासाठीच भांडतोय" या शब्दांचा. आणि दलालीचा. ती त्याने आमच्याकडूनही घेतली आणि मालकांकडूनही.

जाब विचारायला गेलो तर त्याने एक फॉर्म पुढे केला. पहिल्या दिवशी, घर दाखवण्याआधी, 'नोंदीपुरता' म्हणून सही करून घेतलेला. त्यात खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की एजंट मालकाच्या वतीने काम करतो आणि दोन्ही पक्षांकडून मोबदला घेऊ शकतो. सही माझीच होती. न वाचता केलेली.

नंतर याविषयी वाचत गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचा, १९८३ चा एक अहवाल आहे. तिथेही त्या काळी घर दाखवत फिरणारा एजंट सहसा कायद्याने विकणाऱ्याशी बांधलेला असायचा, आणि बहुतेक खरेदीदार मात्र तो आपल्या बाजूचा आहे असंच धरून चालायचे. इतकी जुनी चूक आहे ही.

म्हणून कळकळीने सांगते, आकडा तोंडातून बाहेर पडण्याआधी विचारा: या सौद्यात तुम्ही कोणाचे? मालकांशी करार झालाय का? तुम्हाला पैसे कोण देणार? उत्तर लेखी घ्या, निदान मेसेजवर तरी. "मी दोघांचाही" असं म्हणाला तर समजा की भाव पाडायला तुमच्या बाजूने कोणीच नाही, तो फक्त निरोप पोचवणार. अगदी तुमचा स्वतःचा एजंट असला तरी दलाली किमतीच्या टक्क्यांत असते. ती २ टक्के धरली, तर भाव उतरल्यावर तुमचे १०० वाचतात तेव्हा त्याचे २ बुडतात. त्याच्याशी ठरावीक रकमेवर बोलणी करता येतात, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ घर बघायला निघाला. त्याने पहिल्याच भेटीत हे विचारलं. एजंट सरळपणे म्हणाला, "मी मालकांकडून आहे." भावाने घर नीट पाहिलं, कागदपत्रं मागितली, आणि बजेट विचारल्यावर म्हणाला, "ते मी माझ्या वकिलाशी बोलून कळवतो."