मोटर अगदी हळू फिरवायचीय? व्ही/एफ, सेन्सरलेस की एनकोडर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीचा वाळूचा कन्व्हेयर, उगार-चिकोडी पट्ट्यातल्या साखर कारखान्याचा केन कॅरिअर (ऊस आत नेणारा वाहक) आणि वितळलेलं लोखंड उचलणारा हॉइस्ट, तिन्हींना इंडक्शन मोटरच असते. ड्राइव्ह, म्हणजे मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रीक्वेन्सी (हर्ट्झ) बदलून तिचा वेग बदलणारं यंत्र, मात्र तिन्हींना एकच चालत नाही.

वाळूच्या कन्व्हेयरला साधा व्ही/एफ, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात व्होल्टेज देणारा ड्राइव्ह पुरतो, ५ हर्ट्झच्या वर चालवायचा असेल तर. खाली का अडतं, ते आकड्यांत बघा. ५ एचपी, ४१५ व्होल्टच्या मोटरला २ हर्ट्झवर फेजमागे जेमतेम साडेनऊ व्होल्ट मिळतात. स्टार धरून वाइंडिंगचा रेझिस्टन्स सव्वा ओहम आणि करंट साडेसात अँपिअर असेल, तर जवळपास सगळे व्होल्ट तिथंच खर्च होतात आणि मोटर फिरवायला जोर उरत नाही. टॉर्क बूस्ट (कमी वेगाला दिलेलं जादा व्होल्टेज) वाढवला की मोटर सुटते, पण लोड नसतानाही तापते.

सेन्सरलेस व्हेक्टर करंट-व्होल्टेजवरून वेगाचा अंदाज बांधतो. उसाने भरलेला कॅरिअर १-२ हर्ट्झवर ओढायला हाच घ्या. त्याची सगळी भिस्त वाइंडिंगच्या रेझिस्टन्सवर असते आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. मोटर ६० अंशांनी तापली की सुमारे २३ टक्के फरक पडतो, म्हणून सकाळी नीट चालणारा कॅरिअर दुपारी अडखळतो. तापमानानुसार दुरुस्ती करणारा ड्राइव्हच निवडा. नेमप्लेटचे आकडे भरून, कपलिंग सोडून, थंड मोटरवर ऑटो-ट्यून करा, म्हणजे ड्राइव्हला मोटर मोजून घेऊ द्या. मोटर रिवाइंड केली असेल, तर ते पुन्हा करावंच लागतं.

हॉइस्टला मात्र सेन्सरलेस नको. १४४० आरपीएमच्या मोटरची फुल लोडला स्लिप, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे रोटर (फिरणारा भाग) जितका पडतो तो फरक, ६० आरपीएम. भरलेला लॅडल (वितळलेल्या लोखंडाचं भांडं) खाली सोडताना रोटर उलट दिशेला ६० आरपीएमजवळ आला, की स्टेटरची (स्थिर वाइंडिंगची) फ्रीक्वेन्सी शून्यावर येते. तिथं रोटरचा वेग मोटरच्या करंट-व्होल्टेजमध्ये दिसतच नाही. अंदाज चुकला की लोड सुटू शकतो, आणि खाली माणसं असतात. इथं एनकोडर, म्हणजे शाफ्टचा वेग प्रत्यक्ष मोजणारा सेन्सर लावा; तो फेऱ्यामागे १०२४ पल्सचा, लाइन ड्रायव्हर आउटपुटचा (लांब केबलवरही सिग्नल टिकवणारा) घ्या. त्याची शील्डेड केबल मोटरच्या केबलपासून लांब न्या. वाळूच्या धुळीत काचेच्या डिस्कच्या एनकोडरपेक्षा सीलबंद मॅग्नेटिक एनकोडर टिकतो. ब्रेक मात्र वेगळा हवाच.

कोणताही ड्राइव्ह घ्या, सतत १० हर्ट्झखाली चालवायचं तर शाफ्टवरचा पंखा पुरेशी हवा देत नाही आणि मोटर तापते. वेगळा ब्लोअर बसवा.

आणि जास्तीचा वेग कधीच लागत नसेल, तर १:२० चा गिअरबॉक्स काढून १:६० चा लावून बघा. जी मोटर ५ हर्ट्झवर चालवावी लागत होती, ती १५ वर चालेल. मग साधा व्ही/एफही भागवतो.