नवीन एरियात ११ महिने: घर नीट बघितलं, रस्ता बघायचा राहिला

११ महिने झाले इथे राहायला येऊन, त्यामुळे आता लिहिण्याइतका अनुभव आला असं वाटतं. घराबद्दल नाही लिहीत, घर छान आहे. घर बघताना आपण सगळेच नळ सोडून बघतो, भिंतीवर हात फिरवून ओल आहे का बघतो. एरिया बघायला आम्ही एकूण ३ वेळा आलो आणि तिन्ही वेळा रविवारी सकाळी, कारण सुट्टी तेव्हाच असते. मोकळा रस्ता, झाडं, शांतता. बाग ५ मिनिटांवर आहे म्हणाले, नकाशावर ३५० मीटर दाखवतं आणि ते खरंच तेवढंच आहे, त्यात कोणी फसवलं नाही.

पण मधे चौपदरी रस्ता आहे. रविवारी आम्ही तो गप्पा मारत ओलांडला त्यामुळे लक्षातच आला नाही. राहायला आल्यावर सोमवारी संध्याकाळी आई फिरायला म्हणून निघाली आणि १० मिनिटांत परत आली, म्हणाली नको बाबा, मधेच अडकायला होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. हिरवा माणूस लागला की ती आधी दोन्हीकडे बघते, मग डावा पाय जपून खाली टेकवते कारण फुटपाथ वीतभर उंच आहे, मग चालायला लागते, आणि दुभाजकाच्या जरा पुढे जातोय तोवर तो हिरवा माणूस लुकलुकायला लागतो. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं उमटली होती.

मग मी मोबाईलवर वेळ लावून मोजलं. रस्ता साधारण २० मीटर रुंद, सिग्नल १७ सेकंदांचा. शोधल्यावर कळलं की बऱ्याच ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून सिग्नलची वेळ ठरवतात, म्हणजे २० मीटरला १७ सेकंद, त्यांच्या हिशोबाने बरोबरच आहे. आई सेकंदाला ०.८ मीटर चालते, तिला २५ सेकंद लागतात. या ८ सेकंदांमुळे बाग तिच्यासाठी लांब गेली, ५ मिनिटं वगैरे नुसतं बोलण्यापुरतं.

याच शोधाशोधीत डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराचा अभ्यास सापडला, १९७२ मध्ये छापलेला, सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३ रस्त्यांवरचा. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, सगळ्यात वर्दळीच्या रस्त्यावर सुमारे १६,०००. कमी वर्दळीच्या रस्त्यावरच्या माणसांना आपल्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते आणि जास्त वर्दळीच्या रस्त्यावरच्यांना १ पण नाही, ०.९. हे वाचून मला आमचाच रस्ता दिसला, कारण ११ महिन्यांत आमच्या बाजूची बरीच माणसं ओळखीची झाली पण समोरच्या बाजूचं एकही नाही. आधीच्या घरी समोरच्या गॅलरीतून बोलणं व्हायचं, ते इथे शक्यच नाही, मधल्या गाड्यांच्या आवाजात ऐकूच येत नाही.

आवाजाचं पण सांगतो. दिवसा चालून जातं, पण रात्री ११ नंतर जड गाड्या सुरू होतात आणि आमची झोपायची खोली नेमकी रस्त्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सांगितलंय की रस्त्याचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या आत हवा. माझ्या फोनवरच्या ॲपने खिडकीत ६० च्या आसपास दाखवलं, फोनचं माप काटेकोर नसतं मान्य, पण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, त्यामुळे एवढा फरक खूपच झाला. आधी बेड दुसऱ्या भिंतीला सरकवून बघितला, काही उपयोग नाही, कारण गाड्यांची रांग असते तेव्हा अंतर दुप्पट केलं तरी जेमतेम ३ डेसिबल कमी होतात. शेवटी मागच्या खोलीत गेलो, तिथे मधे आख्खी बिल्डिंग आडवी येते आणि तेव्हा कुठे झोप लागायला लागली.

जमलेल्या गोष्टी पण सांगतो. ऑफिसचा प्रवास नकाशाच्या ॲपमध्ये कामाच्या दिवसाची सकाळची वेळ टाकून बघितला होता, तो बरोबर निघाला. समोरच्या मोकळ्या जागेवर पुढे काय येणार हे मंजूर आराखड्यात बघून घेतलं होतं. आणि पाणी साचण्याचं तर आम्ही फारच मनावर घेतलं होतं, जुन्या भिंतींवर पाण्याच्या रेषा आहेत का ते बघत फिरलो, २ वेगवेगळ्या दुकानदारांना विचारलं. १०० वर्षांतून एकदा येणारा पूर म्हटलं की लोक निवांत होतात, पण त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता असा आहे, आणि ३० वर्षं तिथे राहिलात तर निदान एकदा तो येण्याची शक्यता २६ टक्के होते. म्हणजे चारातली एक. या कारणासाठी आम्ही एक स्वस्तातलं घर सोडलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सिग्नलची वेळ वाढवावी म्हणून अर्ज दिलाय, मोजलेले आकडे लिहून, बिल्डिंगमधल्या १४ जणांच्या सह्या घेऊन. अजून उत्तर नाही, पाठपुरावा चालू आहे. तोवर आई सकाळी सव्वासहाला जाते, तेव्हा रस्ता रिकामा असतो आणि बाकावर तिच्या वयाच्या दोघी भेटतात. संध्याकाळी मात्र ती घरीच बसते, आणि तिला खरं तर संध्याकाळच आवडते.

आता माझी बहीण घर बघतेय. तिला मी सांगितलं की रविवारी नको, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला जा आणि आईला बरोबर ने. एजंटबरोबर गाडीतून नको, त्या घरापासून दुकानापर्यंत आणि बस स्टॉपपर्यंत तिच्या चालीने चालून बघा, मग रात्री ११ ला परत एकदा तिथे जाऊन १० मिनिटं नुसतं उभं राहा. या गुरुवारी जातायत दोघी, मी पण ऑफिसातून परस्पर तिकडेच पोचतोय.