ईसीएम गेला म्हणाले, आणि आमचा चांगला ईसीएम घेऊन गेले

आमची डिझेल गाडी एका सकाळी चालू होईना. स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडत नव्हतं. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, पडद्यावरचं 'नो कम्युनिकेशन' दाखवलं आणि म्हणाला, "साहेब, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलाय. कंपनीतून नवा घेतला तर फार महाग. चेक केलेला जुना नग 22 हजारांत बसवतो." पैसे रोख घेतले, बिल नंतर देतो म्हणाला. ते आजतागायत दिलेलं नाही.

ईसीएम स्कॅनरला उत्तर देत नाही म्हणजे तो मेलाच, असं अजिबात नसतं. मेन रिले (करंट जोडणारा स्विच) गेला, फ्यूज उडाला किंवा अर्थिंगची वायर गंजली आणि त्याला करंटच पोचला नाही, तरी स्कॅनर हेच दाखवतो. आमच्या गाडीचा दोष तिथेच होता. पुढे दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं, तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या वायरी धुळीने काळ्या आणि बॉडीला आवळलेली अर्थिंगची वायर तेवढी कोरी, टोकाच्या धातूच्या कडीसकट चकचकीत! किरकोळ खर्चाचं काम गुपचूप केलं आणि पैसे ईसीएमचे उकळले.

त्याहून भयंकर गोष्ट चावीवाल्याकडे कळली. जादा चावी करायची होती. त्याने चिप नसलेली साधी चावी कापून आधी दार उघडून बघितलं, मग सहज इग्निशनला फिरवली आणि गाडी चालू झाली. तोच दचकला. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणं हे इमोबिलायझरचं काम. दुसऱ्या गाडीचा ईसीएम आपल्या चाव्या ओळखत नाही. त्यासाठी मूळ ईसीएममधला डेटा नव्यात उतरवावा लागतो. ती मेहनत टाळून त्यांनी इमोबिलायझरच बंद केलेला नग बसवला होता. म्हणजे आमची गाडी किती दिवस कुणीही घेऊन जाऊ शकलं असतं, या विचाराने आजही संताप होतो.

थंड इंजिनाची खडखड आणि धूर सुरू झाला होता, त्याचंही कारण मिळालं. आताच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचा) कोड ईसीएममध्ये भरावा लागतो, इथे कोड दुसऱ्याच गाडीचे होते. ईसीएममधला चॅसिस नंबरही दुसराच निघाला. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला. तो नग ज्या गाडीचा, ती पाण्यात बुडालेली होती की चोरीची, कोण सांगणार?

तेव्हा कुणी ईसीएम बदलायला सांगितलं, तर आधी रिले, फ्यूज, अर्थिंग तुमच्यासमोर मीटर लावून तपासायला लावा. ईसीएमवरच्या स्टिकरचा फोटो काढा. पार्ट नंबर, चॅसिस नंबर आणि वॉरंटी लिहिलेलं पक्कं बिल घ्या. आणि काढलेला ईसीएम कोणत्याही परिस्थितीत गॅरेजमध्ये सोडू नका. "बायबॅकमध्ये (जुन्याच्या बदल्यात) गेला" असं सांगून आमचा ठेवून घेतला.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पहिली मागणी आमच्या मूळ ईसीएमची आहे. आमच्या चाव्यांचे आणि इंजेक्टरचे कोड त्यात आहेत.