वर्डप्रेसची वर्गवारी: मांडायला सोपी, मोडायला जड

संकेतस्थळ चालवायच्या वर्डप्रेस या प्रणालीबद्दल लिहिणारे बहुतेक जण थीम (स्थळाचं बाह्यरूप), प्लगिन (वरून जोडायच्या सोयी), वेग, सुरक्षा यांवर पानंच्या पानं भरतात. ‘कॅटेगरीज’ म्हणजे लेखांचे वर्ग, त्यांच्या त्या साध्या पडद्याकडे मात्र कोणी फिरकत नाही. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात वर्गीकरण आणि तालिकीकरण करण्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच जाते. सध्या काही लेखक मंडळींच्या सामाईक संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे. लेख त्यांचे, कप्पे माझे. तेव्हा हे परीक्षण फक्त कप्प्यांचं. थीम देखणी आहे की नाही ते दुसऱ्या कोणीतरी सांगावं.

पाया भक्कम आहे, हे आधी कबूल करते. वर्डप्रेस २००३ सालचं. २००७ मध्ये २.३ ही आवृत्ती आली, तिच्यात टॅग (लेखाला चिकटवायचे सुटे शब्द) आले आणि त्यासोबत आतली मांडणीच बदलली. एका तक्त्यात नुसती नावं, दुसऱ्यात ते नाव वर्गाचं की टॅगचं याची नोंद, तिसऱ्यात कुठला लेख कशाला जोडलाय त्याची. नाव, प्रकार आणि जोडणी असं तिन्ही वेगळं ठेवणाऱ्या माणसाला वर्गीकरण कळत होतं, असं मी म्हणेन. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून वर्ग आणि टॅग सोडून आपली स्वतःची, पोटविभाग असलेली वर्गवारीही उभी करता येते. तिच्याकडे पुढे येते.

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वर्ग पुसण्याची. ‘हटवा’ म्हटलं आणि आतले लेखही गेले तर? जात नाहीत. ज्या लेखाला फक्त तोच वर्ग होता, तो आधीच ठरवून ठेवलेल्या मूळ (‘डिफॉल्ट’) वर्गात जाऊन बसतो. ज्याला आणखीही वर्ग होते, त्याचा एवढाच एक धागा तुटतो. वरचा वर्ग काढला तर त्याचे पोटवर्ग एक पायरी वर सरकतात. शेल्फ मोडलं म्हणून पुस्तकं रद्दीत जात नाहीत, आणि तसंच हवं.

तो मूळ वर्ग म्हणजे कुप्रसिद्ध ‘अनकॅटेगराइज्ड’. तो मूळ वर्ग असेपर्यंत त्याला हटवता येत नाही, म्हणून लोक त्याच्यावर वैतागतात आणि कितीतरी स्थळांवर तो तसाच वाचकांसमोर लोंबकळत असतो. पण त्याचं नाव बदलता येतं, आणि सेटिंग्जमधल्या ‘रायटिंग’ पानावर जाऊन मूळ वर्ग म्हणून दुसराच नेमता येतो. मी त्याला ‘छाननी बाकी’ असं नाव दिलं आणि मेनूतून बाहेर ठेवलं. वर्ग न निवडता कोणी लेख प्रसिद्ध केला की तो आपोआप तिथे येऊन पडतो. ग्रंथालयात दाखल होऊन वर्गांकाची वाट बघणाऱ्या पुस्तकांचं टेबल असतं, तेच हे टेबल. अधूनमधून तिथला ढीग उपसायचा आणि योग्य वर्ग दिल्यावर ‘छाननी बाकी’वरची खूण काढायची. ज्या सोयीला सगळे शिव्या देतात ती मला सर्वांत उपयोगी वाटते.

आता तक्रारी. माझी मुख्य तक्रार एकच आहे, बाकीच्या तिच्याच फांद्या: नवा वर्ग काढणं इथे फार सोपं, आणि जुना मोडून दुसऱ्यात मिसळणं फार कठीण.

लेख लिहिता लिहिता बाजूच्या पट्टीतच ‘नवा वर्ग जोडा’ हा दुवा असतो. लेख संपलेला, लेखक घाईत, यादीत मनासारखं काही दिसत नाही. की टाक नवा. म्हणून ‘पुस्तक’, ‘पुस्तके’, ‘पुस्तकं’ आणि ‘पुस्तक परिचय’ असे चौघं एकाच घरात नांदू लागतात. यंत्राला ती चार वेगळी नावं, आणि शुद्धलेखनाच्या दोन पद्धती एकाच स्थळावर चालत असतील तर हा धोका दुप्पट. यावर एक बरा उपाय वर्डप्रेसमध्येच आहे, तो म्हणजे भूमिका. ‘ऑथर’ या भूमिकेतल्या माणसाला असलेले वर्ग निवडता येतात, नवे काढता येत नाहीत. तो अधिकार ‘एडिटर’ आणि ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ यांचा. आमच्याकडे सगळे लेखक ‘ऑथर’ आहेत. सुरुवातीला थोडी नाराजी झाली, पण वर्गांची यादी शाबूत राहिली. टॅगना मात्र हे कुंपण नाही. तिथे ऑथरही हवा तो नवा शब्द टाकू शकतो. त्यामुळे टॅगांचं रान माजतं, आणि मी त्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करते. वर्ग म्हणजे अनुक्रमणिका, टॅग म्हणजे शेवटची शब्दसूची. सूची जरा लांबली तर काही बिघडत नाही.

आता समजा ‘पुस्तके’ हा वर्ग ‘पुस्तक परिचय’मध्ये विलीन करायचा आहे. कुठल्याही वर्गकाराला रोज लागणारी ही गोष्ट. पण मूळ वर्डप्रेसमध्ये त्यासाठी बटणच नाही. इतक्या वर्षांत वर्ग आणि टॅग एकमेकांत बदलून देणारं कन्व्हर्टर आलं, वर्गाला जास्तीची माहिती चिकटवायची सोय २०१५ मध्ये ४.४ आवृत्तीत आली, पण दोन वर्ग एक करणं आलं नाही. लांबचा रस्ता असा: लेखांच्या यादीत जुन्या वर्गाची चाळणी लावायची, ‘स्क्रीन ऑप्शन्स’मध्ये पानावरचे लेख वाढवून घ्यायचे (मुळात वीसच दिसतात), सगळे निवडून ‘बल्क एडिट’मध्ये नव्या वर्गावर खूण करायची आणि मग जुना वर्ग हटवायचा.

एक आडवाटही आहे. ती मला आवडते, कारण ती हटवण्याच्या त्या सुरक्षित वागणुकीवरच चालते. मूळ वर्ग म्हणून तात्पुरता ‘पुस्तक परिचय’ नेमा आणि ‘पुस्तके’ हटवा. ज्या लेखांना फक्त ‘पुस्तके’ होतं ते सगळे आपसूक ‘पुस्तक परिचय’मध्ये उतरतील. मग मूळ वर्ग पूर्ववत करा. पण लक्षात ठेवा, ज्या लेखाला सोबत दुसराही वर्ग होता तो या वाटेने येणार नाही; त्याची फक्त जुनी खूण जाईल. असे दुवर्गी लेख आधी हाताने हलवून घ्या. हे सगळं नको असेल तर ‘टर्म मॅनेजमेंट टूल्स’ नावाचं छोटं प्लगिन आहे. ते वर्गांच्या यादीतच विलीन करणं, एकगठ्ठा दुसऱ्या वर्गाखाली नेणं आणि वर्गाचा टॅग करणं अशा तीन कृती जोडतं. जाहिरात नाही, भपका नाही. हे मुळातच असायला हवं होतं, इतकं साधं काम.

क्रमाचीही रड आहे. वर्गांची यादी नावाप्रमाणे लागते, ओढून वरखाली करता येत नाही. तुम्हाला ‘संपादकीय’ आधी आणि ‘इतर’ शेवटी हवं असेल, तर बाराखडी तुमचं ऐकणार नाही. नावापुढे आकडे लावून क्रम साधणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका, ते आकडे वाचकालाही दिसतात. त्यापेक्षा मेनूमध्ये वर्ग टाकून तिथे हवा तसा क्रम लावा. मेनूत ओढाओढी चालते. वर्गांची यादी म्हणजे आपलं कपाट आणि मेनू म्हणजे वाचकाला दाखवायची पाटी, असा भेद एकदा केला की त्रास निम्मा होतो.

लेख लिहिताना दिसणाऱ्या वर्गांच्या यादीचं वागणं तर विचित्रच. खूण केलेले वर्ग पुढच्या वेळी उडी मारून सर्वांत वर येतात. जुन्या ‘क्लासिक’ संपादकात तर त्यामुळे पोटवर्ग आपल्या वरच्या वर्गापासून तुटून भलतीकडेच दिसतो, आणि नवा लेखक विचारतो की ‘व्यक्तिचित्रं’ कुणाच्या खाली होतं हो? नव्या ‘ब्लॉक’ संपादकात आठ किंवा त्याहून जास्त वर्ग झाले की वर शोधायची खिडकी येते, तिचा आधार घ्यावा. याच संदर्भात आकड्यांचा एक घोळ सांगून ठेवते, कारण त्यावरून मला नेहमी विचारणा होते. आतल्या यादीत वरच्या वर्गापुढे दिसणारा आकडा फक्त थेट त्याच वर्गातल्या लेखांचा असतो. पण त्या वर्गाचं पान उघडलं तर पोटवर्गांतले लेखही दिसतात, आणि बाजूच्या पट्टीत श्रेणीबद्ध यादी आकड्यांसह लावली तर तिथला आकडाही पोटवर्ग धरून येतो. म्हणजे आत शून्य आणि बाहेर भरगच्च, असं दिसू शकतं. लेख हरवलेले नसतात, मोजणी वेगळी असते.

आता स्लग, म्हणजे पत्त्यात दिसणारं वर्गाचं नाव. मराठीत लिहिणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. चांगली गोष्ट ही की वर्गाचं नाव बदललं तरी स्लग आपोआप बदलत नाही. ‘पुस्तके’चं ‘पुस्तकं’ करा, पत्ता तोच राहतो. वाईट गोष्ट ही की स्लग हाताने बदललात तर जुन्या पत्त्यावर येणारा वाचक ‘पान सापडलं नाही’ या भिंतीवर आदळतो. लेखाचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्याकडे वळवतं. वर्गाच्या बाबतीत ही माया नाही. वळण स्वतः लावावं लागतं, प्लगिनने किंवा सर्व्हरवर.

आणि देवनागरी? वर्गाचं नाव मराठीत टाकून स्लगची चौकट रिकामी सोडली, की तोही देवनागरीतच तयार होतो. दिसायला छान. पण साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटला टक्केचिन्ह धरून तीन जागा, म्हणजे एका चिन्हाला नऊ. स्लगची मर्यादा २००. हिशेब करा: बावीस चिन्हांवर गाडी थांबते. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंत सगळे वेगळे मोजले जातात. ‘व्यक्तिचित्रं’ एवढ्या एका शब्दात तेरा चिन्हं आहेत! लांब नावाच्या वर्गाचा स्लग मध्येच तुटतो. शिवाय तो दुवा कोणाला पाठवला की बऱ्याचदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होऊन पोचतो. मी नावं अस्सल मराठी ठेवते आणि स्लग रोमन लिपीत, छोटा, पहिल्याच दिवशी हाताने लिहिलेला. नंतर त्याला हात लावायचा नाही.

लेखाच्या पत्त्यातच वर्गाचं नाव गुंफण्याची सोयही पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखांचे पत्ते कसे असावेत ते ठरवण्याच्या सेटिंगमध्ये, आहे. मी ती वापरत नाही आणि वापरा असं सुचवणारही नाही. लेखाला दोन वर्ग असतील तर पत्त्यात कुठला येणार? वर्डप्रेस ज्याचा अंतर्गत क्रमांक लहान तो घेतं, म्हणजे जो आधी जन्मला तो. विषयाशी त्याचा काही संबंध नाही. काही एसईओ प्लगिन (शोधयंत्रांत स्थळ वर यावं म्हणून वापरतात ती) ‘मुख्य वर्ग’ ठरवू देतात, पण लेखाचा पत्ता त्याच्या वर्गावर टांगून ठेवणंच मुळात धोक्याचं. वर्गीकरण बदलत राहतं, पत्ता बदलू नये.

आता त्या स्वतःच्या वर्गवारीकडे. मेल्विल ड्यूई यांची १८७६ सालची दशांश पद्धत ज्ञानाला एकाच झाडाच्या फांद्यांवर बसवते. १९३३ साली आलेल्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात शि. रा. रंगनाथन यांनी विषयाचे पैलू वेगवेगळे करून मग जोडले: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश, काल. वर्डप्रेसची साधी वर्गवारी ड्यूईंच्या वळणाची आहे, आणि लोक तिच्यात सगळेच पैलू कोंबतात. ‘कथा’ हा लेखनप्रकार, ‘निसर्ग’ हा विषय, ‘दिवाळी अंक’ हा प्रसंग, तिन्ही एकाच यादीत शेजारी शेजारी. मग ‘निसर्ग’खाली ‘कथा’ की ‘कथा’खाली ‘निसर्ग’, यावर वाद होतात आणि शेवटी दोन्हीकडे दोन्ही काढली जातात. अशी वेळ आली की वर्ग वाढवू नका, पैलू वेगळा करा. आम्ही वर्ग फक्त विषयासाठी ठेवले आणि ‘लेखनप्रकार’ ही निराळी वर्गवारी नोंदवून घेतली. थोडा कोड लागतो किंवा त्यासाठीचं प्लगिन. पण वादाचं मूळच गेलं, आणि ‘निसर्ग’ या विषयावरच्या फक्त कथा, अशी छाटणी करता येऊ लागली. वर्डप्रेसची खरी ताकद इथे आहे, आणि ती मेनूत कुठेच दिसत नाही, हेच दुर्दैव.

अशाच इतर प्रणालींशी थोडक्यात तुलना. ब्लॉगरमध्ये नुसती सपाट लेबलं, पोटवर्ग नाहीत. एकट्या लिहिणाऱ्याला पुरतात. घोस्टमध्ये वर्ग नाहीतच, फक्त टॅग. पण लेखाचा पहिला टॅग मुख्य धरला जातो, आणि ही कल्पना वर्डप्रेसने खुशाल उचलावी. ह्यूगोमध्ये वर्ग आणि टॅग दोन्ही मिळतात, पण सगळा कारभार फाइलींतून. आमच्या लेखक मंडळींना ते झेपणारं नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. पाया आणि हटवण्यातली सुरक्षितता यांना पूर्ण, रोजच्या देखभालीच्या सोयींना जेमतेम अर्धे. एकट्याचं, दहा-बारा वर्गांचं स्थळ असेल तर जसं आहे तसं वापरा, काही अडणार नाही. लिहिणारे अनेक असतील तर पहिल्या दिवशी तीन कामं करा: सगळ्यांना ‘ऑथर’ करा, मूळ वर्गाचं नाव बदला, आणि प्रत्येक वर्गाचा स्लग स्वतः लिहा. वर्गाच्या पानावर ‘वर्णन’ नावाची चौकट असते. बऱ्याच थीम ती दाखवत नाहीत, म्हणून लोक ती रिकामी सोडतात. मी तिथे त्या वर्गात काय येतं आणि काय येत नाही ते एका ओळीत लिहून ठेवते. माझ्यानंतर ज्याच्या हातात किल्ल्या येतील त्याला ‘आठवणी’ आणि ‘व्यक्तिचित्रं’ यांतला फरक कोणाला विचारायची वेळ यायला नको.