लाकडी बाण की कार्बनचे?

घणसोलीच्या भाच्याने चाळीस पौंडी (दोरी ओढायला लागणारा जोर) पारंपरिक धनुष्य घेतलं आणि गाडी बाणांपाशी अडली.

टिकाऊपणा म्हणाल तर इथल्या पावसाळ्यात लाकूड वाकतं. माझे दोन बाण जुलैत केळ्यासारखे झाले. शेकून सरळ केले, पण दर आठवड्याला कोण करणार? कार्बन वाकत नाही. मात्र चीर गेलेला बाण सुटताना फुटून हातात घुसू शकतो, म्हणून आधी वाकवून, कान लावून तपासायचा.

खरी मेख बाण धनुष्याशी जुळवण्यात. सुटताना बाण वाकून धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो, तेवढी लवचिकता हवी. ती तपासायला बिनपिसांचा बाण सोडून बघा: उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावीकडे गेला तर तो जास्त ताठ, टोक जड करा. उजवीकडे गेला तर जास्त मऊ, थोडा कापून आखूड करा. कार्बनचा एक जुळला की डझन जुळतात; लाकडाचा प्रत्येक निराळा.

भाच्याला कार्बन. घडवायची हौस असेल त्याने लाकूड घ्यावं, दिवाळीनंतर.