टोळीपासून कापड दुकान वाचवायचं, तर पैसे कॅमेऱ्यात घालावेत की दारातल्या गेटमध्ये?

साड्यांच्या दुकानात टोळी येते ती लग्नसराईच्या नाहीतर दिवाळीच्या गर्दीत. तिघं-चौघं असतात, पण एकमेकांची ओळख नसल्यासारखे वागतात. एकजण सेल्समनला वरच्या फळीवरचा माल काढायला लावतो, दुसरा घड्या उलगडून ढीग करतो, तिसरा ढिगाआडून साडी पिशवीत सरकवतो. ती पिशवी घेऊन चौथा कधीच रस्त्याला लागलेला असतो. एकट्यादुकट्या भुरट्या चोराचं गणित वेगळं, त्याला सेल्समनची नजरसुद्धा पुरते.

बहुतेक मालक आधी कॅमेरे लावतात. कॅमेरा चोरी थांबवत नाही. रात्री थप्पी कमी भरली की मग फुटेज बघायचं, एवढंच. पण टोळीच्या बाबतीत त्याला मोल आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 112 मध्ये टोळीने केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्यांना 1 ते 7 वर्षांची कैद आहे आणि दुकानातून माल उचलणंही त्यात येतं. हे चौघं मिळून काम करत होते, हे दाखवणारा दुसरा पुरावा सहसा नसतोच. मात्र छताला टांगलेल्या कॅमेऱ्यात नुसते केस दिसतात. एक तरी कॅमेरा दाराशी, चेहऱ्याच्या उंचीवर हवा. आणि जुनं रेकॉर्डिंग पुसलं जाण्याआधी प्रत काढून ठेवा. कोर्टात ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम 63 च्या प्रमाणपत्रासह द्यावी लागते.

गेट मात्र माल दारातच अडवतं: मालाला लावलेला टॅग न काढता कोणी दारातल्या दोन खांबांमधून गेलं की ते वाजतं. त्यात दोन जाती. 8.2 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) गेटची कागदी स्टिकरं स्वस्त, पण धातूजवळ ती गडबडतात. आतून फॉइल लावलेली पिशवी घेऊन येणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. 58 किलोहर्ट्झचं एएम (अकुस्टो-मॅग्नेटिक) गेट महाग, तरी अशा पिशवीला ते कमी फसतं आणि दोन खांबांत जास्त अंतर ठेवता येतं. रुंद दाराच्या दुकानाला मी एएमच सुचवेन. रेशमाला टॅगच्या पिनेने भोक पडतं, म्हणून महागड्या साडीला दोरीचा टॅग घ्या. लोहचुंबकाने टॅग काढणारेही असतात, तेव्हा टॅग काढायचं यंत्र गल्ल्यावर उघडं ठेवू नका.

गेट वाजलं म्हणून झडती घेण्याचा अधिकार दुकानदाराला मिळत नाही. "बिलाचा टॅग राहिला वाटतं, बघू का ताई?" असं विचारता येतं, कोंडून ठेवलंत तर तक्रार तुमच्यावरच होईल. दिवाळीत गेट सारखं वाजतं आणि पोरं लक्ष देईनाशी होतात, हा त्याचा खरा दोष.

आरएफआयडीत, म्हणजे प्रत्येक साडीला स्वतःचा क्रमांक असलेली चिप लावण्याच्या पद्धतीत, नेमकी कुठली साडी गेली ते कळतं, पण स्टॉक आधीच संगणकावर नसेल तर तो खर्च आज नको.

गादीवर बसून माल दाखवायचं दुकान असेल, तर गेटच्या भानगडीत पडू नका. तिथे टोळीचं हत्यार म्हणजे ढीग. आधीच्या साड्या मोजून घडी झाल्याशिवाय नव्या काढायच्या नाहीत, आणि मोजायला सेल्समनशिवाय दुसरा माणूस हवा. गेटचे पैसे निदान लग्नसराईपुरते त्याच्या पगारात घाला, आणि दाराशी एक कॅमेरा. उभ्याने निवडायचं रेडीमेडचं मोठं दुकान असेल, तर एएम गेट आधी, बाकीचे कॅमेरे नंतर.